गोरोबाकाकांच्या गावचे मातीचे धन

धाराशिव जिल्ह्यात तेरणा नदीच्या काठी वसलेले तेर हे गाव महाराष्ट्राला ठाऊक आहे ते संत गोरोबाकाकांचे गाव म्हणून. चैत्र वद्यात तेथे यात्रा भरते, दिंड्या येतात, टाळमृदंगाचा गजर होतो. भाविक समाधीपुढे माथा टेकतात, त्रिविक्रमाच्या प्राचीन मंदिरात जाऊन येतात, प्रसाद घेतात आणि परतीच्या वाटेला लागतात. याच गावात कै. रामलिंगप्पा लामतुरे यांच्या नावाचे एक शासकीय वस्तुसंग्रहालय आहे. वीस हजारांहून अधिक पुरावस्तूंचा हा संग्रह आहे. दोन हजार वर्षांपूर्वीचा महाराष्ट्र काय पिकवत होता, काय घडवत होता आणि जगाला काय विकत होता, याचा इतका सघन पुरावा एखाद्या गावात क्वचितच एकवटला असेल. पण समाधीपासून संग्रहालयापर्यंतचे ते थोडेसे अंतर बहुतेकांच्या पावलांना लांब वाटते.

हे केवळ तेरचे दुखणे नाही. पूर्वजांच्या पराक्रमाचा विषय निघाला की मराठी माणसाची छाती फुगते. ते योग्यच आहे. ज्या समाजाला पूर्वजांचा अभिमान नाही, त्याला भविष्यही नसते. तथापि त्या अभिमानाला आधार कशाचा, असे एखाद्या चौकस मुलाने विचारले तर घरातील किती वडीलधाऱ्यांना नेमके उत्तर देता येईल? ‘आपली संस्कृती फार प्राचीन होती’ हे वाक्य पाठ असते. त्यापुढचे वाक्य मात्र सुचत नाही. ते पुढचे वाक्य ज्या ठिकाणी वाचावयास मिळते, ते ठिकाण म्हणजे संग्रहालय.

हरवलेले तगर

इसवी सनाच्या पहिल्या शतकात इजिप्तमध्ये राहणाऱ्या एका ग्रीकभाषी व्यापाऱ्याने समुद्रमार्गांची आणि बंदरांची माहिती देणारे एक टिपण लिहिले. ‘पेरिप्लस ऑफ द एरिथ्रियन सी’ या नावाने ते प्रसिद्ध आहे. लेखकाचे नाव कोणालाच ठाऊक नाही, पण त्याची नोंद व्यापाऱ्याच्या वहीसारखी चोख आहे. भडोचपासून दक्षिणेकडे वीस दिवसांच्या वाटचालीवर पैठण, आणि तेथून पूर्वेला दहा दिवसांच्या वाटचालीवर ‘तगर’ नावाचे मोठे नगर, असे तो सांगतो. तगरहून साधे कापड आणि मलमल अशा जिनसा गाड्यांत भरून अवघड वाटांनी भडोचच्या बंदरात येत, असेही तो नोंदवितो. पुढे टॉलेमीच्या भूगोलग्रंथातही तगरचा उल्लेख येतो.

हे तगर कोठे होते? एकोणिसाव्या शतकातील पंडितांनी बरीच मते मांडली. कोणी देवगिरीकडे बोट दाखविले, कोणी जुन्नरकडे, कोणी धारूरकडे. विसाव्या शतकाच्या आरंभी कोरीव लेखांचे अभ्यासक फ्लीट यांनी तगर म्हणजेच आजचे तेर, हे साधार मांडले. त्याच सुमारास पुरातत्त्व खात्याचे हेन्री कझिन्स यांनी तेथील प्राचीन वास्तूंची तपशीलवार नोंद केली. १९५८ साली बा. ना. चापेकर यांनी तेथे शास्त्रशुद्ध उत्खनन केले आणि त्याचा वृत्तांत १९६९ मध्ये प्रसिद्ध झाला. ग्रंथातील नाव आणि जमिनीतील पुरावा यांची अशी गाठ पडली.

या नगराची थोरवी किती काळ लोकांच्या मनात राहिली, याची एक खूण मध्ययुगीन लेखांत सापडते. कोकणात आणि कोल्हापुरात राज्य करणारे शिलाहार राजे आपल्या बिरुदांमध्ये ‘तगरपुरवराधीश्वर’ हे बिरुद अभिमानाने मिरवीत. त्यांच्या राजधान्या तेरपासून दूर होत्या, तगरच्या व्यापाराचा भरही तोवर शतकांपूर्वी ओसरला होता. तरीही ‘आमचे मूळ त्या श्रेष्ठ नगरातले’ हे सांगण्यात त्यांना भूषण वाटत होते. आज त्याच नगराची पांढर पायाखाली असताना तिच्याकडे न पाहता निघून जाणे, हे कोणत्या प्रकारच्या स्मरणशक्तीचे लक्षण मानावे?

वीतभर हस्तिदंताची साक्ष

तेरच्या संग्रहातील सर्वांत प्रसिद्ध वस्तू म्हणजे हस्तिदंताची एक छोटी स्त्रीप्रतिमा. दागिने आणि केशरचना यांचे इतके बारीक काम इतक्या लहान तुकड्यावर करणारे हात किती तयारीचे असतील, याची कल्पना ती पाहतानाच येते. पण तिचे खरे मोल समजण्यासाठी हजारो कोस दूर, इटलीतील पॉम्पेई येथे जावे लागते.

इ. स. ७९ मध्ये व्हेसुव्हियस ज्वालामुखीचा उद्रेक झाला आणि पॉम्पेई हे रोमन नगर राखेखाली गाडले गेले. १९३८ साली तेथील एका घराच्या उत्खननात हस्तिदंताची एक भारतीय स्त्रीप्रतिमा मिळाली. उंची सुमारे वीतभर. दोन्ही बाजूंना प्रसाधनाचे साहित्य घेतलेल्या दोन लहान दासी. आज ही प्रतिमा नेपल्सच्या संग्रहालयात आहे. तिच्याशी जवळचे नाते सांगणाऱ्या प्रतिमा महाराष्ट्रात दोन ठिकाणी मिळाल्या. एक तेरला आणि दुसरी जालना जिल्ह्यातील भोकरदनला. या साम्यावरून ज्येष्ठ पुरातत्त्ववेत्ते म. के. ढवळीकर यांनी पॉम्पेईच्या प्रतिमेचे माहेर महाराष्ट्र असावे, असे प्रतिपादन केले. तिच्यावर कोरलेले खरोष्ठी लिपीतील अक्षर पाहून काही अभ्यासक वायव्य भारताकडेही बोट दाखवितात. म्हणजे वाद संपलेला नाही. पण मराठवाड्यातील दोन गावांचे नाव त्या वादाच्या केंद्रस्थानी आहे, एवढे निश्चित.

यातील दोन गोष्टी विशेष ध्यानात घेण्याजोग्या आहेत. पहिली गोष्ट कालनिर्णयाची. पॉम्पेई इ. स. ७९ मध्ये गाडले गेले, म्हणजे ती प्रतिमा त्यापूर्वीच तेथे पोहोचली होती, हे निर्विवाद. मग तिच्या घडणीशी जुळणाऱ्या तेरच्या आणि भोकरदनच्या प्रतिमांचा काळही त्याच सुमाराचा, असा तर्क करता येतो. एका देशातील राख दुसऱ्या देशातील मातीची तारीख सांगते. पुरातत्त्वशास्त्राची रीत ही अशी आहे.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. पॉम्पेईची प्रतिमा सापडली तेव्हा तिला ‘लक्ष्मी’ म्हटले गेले आणि ‘पॉम्पेईची लक्ष्मी’ हे नाव जगभर रूढ झाले. आजही अनेक व्याख्यानांत रोमन घरात लक्ष्मीची पूजा होत असल्याचे रंगवून सांगितले जाते. परंतु त्या प्रतिमेच्या हाती कमळ नाही, लक्ष्मीची ठळक लक्षणे नाहीत. ती यक्षी असावी किंवा प्रसाधन करणारी स्त्री, असे अनेक अभ्यासक मानतात. डोक्यावर आरपार छिद्र असल्याने एखाद्या मौल्यवान आरशाची ती मूठ असावी, असाही कयास आहे. पूजेची मूर्ती म्हणून नव्हे, एक देखणी आणि महागडी वस्तू म्हणून ती समुद्रापार गेली असण्याची शक्यता मोठी. यात कमीपणा कसला? भारतीय कारागिराची कला रोमच्या श्रीमंतांना दाम मोजून घ्यावीशी वाटली, हे सत्य रंगविलेल्या कथेपेक्षा तसूभरही उणे नाही. उलट कथेला जो हवा तो प्रश्न विचारून खिंडीत गाठता येते, वस्तूला तसे गाठता येत नाही. ज्यांना पूर्वजांची बाजू मांडावयाची आहे, त्यांनी तर पुराव्याच्या बाबतीत इतरांहून अधिक काटेकोर असले पाहिजे.

कारागिरांचा इतिहास

शालेय पुस्तकांतील इतिहास मुख्यतः राजांचा असतो. सनावळ्या, लढाया, तह. तेरच्या संग्रहालयात पाऊल टाकले की वेगळीच माणसे भेटतात. शंखाच्या बांगड्या कापणारा, अकीकाच्या कठीण मण्याला केसाएवढे भोक पाडणारा, हस्तिदंत कोरणारा, खापराचे दिवे भाजणारा. यांतील एकाचेही नाव कोणत्याही लेखात नाही. त्यांचे नाव त्यांच्या वस्तूवरच लिहिलेले आहे असे समजावे.

केओलिन या पांढऱ्या मातीच्या मूर्ती हे तेरचे वैशिष्ट्य. त्या दुहेरी साच्यातून काढलेल्या आहेत. एका साच्यात पुढचा भाग, दुसऱ्यात मागचा, दोन्ही ओले असतानाच जोडायचे आणि मग भट्टीत भाजायचे. मूर्ती आतून पोकळ राहते, त्यामुळे वजनाला हलकी होते आणि भाजताना तडकण्याची भीतीही कमी. दोन हजार वर्षांनंतर आजही त्या मूर्तींची केशरचना, कर्णभूषणे, चेहऱ्यावरचे मंद हसू स्पष्ट दिसते. रोमन नाण्यांची हुबेहूब नक्कल करून बनविलेली मातीची पदकेही तेरला मिळाली आहेत. त्यांना ओवण्यासाठी सोय केलेली असते. परदेशी सम्राटाचा मुखवटा असलेले सोन्याचे नाणे ज्याला परवडत नव्हते, त्याच्या गळ्यासाठी तेरच्या कुंभाराने तोच नमुना मातीत उतरविला. बाहेरून येणाऱ्याला घाबरायचे नाही, त्याच्याकडचे जे आवडेल ते आपल्या मातीत घडवायचे, ही त्या काळच्या समाजाची वृत्ती एवढ्याशा पदकातून कळते. असा आत्मविश्वास संपन्न आणि स्थिर समाजातच आढळतो.

आणि योगायोग असा की, याच गावात तेराव्या शतकात एक कुंभार संत होऊन गेला. गोरोबाकाकांची ती कथा सर्वपरिचित आहे. संतमंडळी जमली असता मुक्ताबाईंच्या सांगण्यावरून काकांनी थापटणे घेऊन प्रत्येकाच्या डोक्यावर हलकेच मारून पाहिले आणि नामदेव महाराजांचे मडके कच्चे असल्याचा निर्वाळा दिला. नामदेवांना आधी राग आला, पण पुढे ते विसोबा खेचरांकडे गेले, त्यांच्याकडून बोध घेतला आणि पक्के झाले. संतचरित्रातील या प्रसंगाचा आध्यात्मिक अर्थ कीर्तनकार सांगतातच. पण ज्या गावात हा प्रसंग घडल्याचे परंपरा मानते, त्या गावात त्याच्या हजार-बाराशे वर्षे आधीपासून पक्क्या भाजणीची परंपरा नांदत होती, हे संग्रहालय पाहिल्यावर उमगते. मग ती कथाही नव्याने कळते.

पांढरीवर पडणारी कुदळ

हा संग्रह उभा कसा राहिला, हे प्रत्येक गावाने समजून घेण्यासारखे आहे. कोणा विद्यापीठाने तो जमविलेला नाही. रामलिंगप्पा लामतुरे हे तेरचेच रहिवासी. नांगराच्या फाळाला लागून, पावसाच्या लोंढ्याने उघडे पडून जे जे वर येई, ते गोळा करण्याचा ध्यास त्यांनी घेतला. फुटके खापर, मणी, बांगडीचा तुकडा, मातीचे मुंडके. ज्याला गावकरी कचरा समजत, ते त्यांनी अनेक वर्षे निगुतीने सांभाळले, आणि पुढे ते सारे धन शासनाच्या, म्हणजे समाजाच्या स्वाधीन झाले. पुण्यात दिनकर गंगाधर केळकर यांनी हेच केले. अशा व्रतस्थ माणसांची परंपरा महाराष्ट्रात मोठी आहे, पण तिची गणती समाजसेवेत कोणी करीत नाही.

त्यांनी हे केले नसते तर काय झाले असते? महाराष्ट्राच्या ग्रामजीवनात ‘काळी’ आणि ‘पांढरी’ हे दोन शब्द पूर्वापार चालत आले आहेत. काळी म्हणजे पिकाची जमीन, पांढरी म्हणजे वस्तीची. शेकडो वर्षांची चुलीतील राख, शेण, हाडे, पडक्या भिंतींची माती यांचे थरावर थर साचून पांढरीचे टेकाड तयार होते. ही माती खताइतकीच कसदार, म्हणून शेतकरी ती गाड्या भरभरून काळीत नेऊन टाकतात. बैलगाडीच्या काळात हे काम सावकाश चाले. यंत्रांच्या आगमनानंतर अख्खे टेकाड काही दिवसांत सपाट होऊ शकते. शेतकऱ्याचा त्यात दुष्ट हेतू नसतो. पण थरांचा क्रम एकदा विसकटला की कोणती वस्तू कोणत्या काळातली, हे सांगणारा साक्षीदारच नाहीसा होतो. लामतुरे यांनी वेचलेल्या सुट्या वस्तूंचा काळ ठरविता आला, तो पुढे झालेल्या उत्खननांतील अखंड थरांशी त्या ताडून पाहता आल्या म्हणूनच. थरच उरले नाहीत, तर पुढच्या पिढीच्या हाती नुसती खापरे राहतील.

या बाबतीत कायदा स्पष्ट आहे, पण तो गावोगावी पोहोचलेला नाही. भारतीय निखात निधी अधिनियम १८७८ सालचा. दहा रुपयांहून अधिक किमतीची पुरलेली वस्तू सापडली तर ती जिल्हाधिकाऱ्यांना कळविण्याचे बंधन त्यात आहे, आणि प्रामाणिकपणे कळविणाऱ्याच्या मोबदल्याची तरतूदही आहे. १९७२ च्या पुरावस्तू कायद्याने शंभर वर्षांहून जुन्या शिल्पांच्या, नाण्यांच्या, मूर्तींच्या निर्यातीवर निर्बंध घातले. आपल्या वारशाचे मोल जाणून त्याचे जतन करणे हे राज्यघटनेच्या कलम ५१-क नुसार प्रत्येक नागरिकाचे मूलभूत कर्तव्य आहे. तरीही नांगराला मूर्ती लागली की पहिला निरोप सोनाराला किंवा एखाद्या दलालाला जातो, अशी अवस्था अनेक ठिकाणी आहे. १९७४ साली दायमाबादला झुडपाचे मूळ खणताना धातूचे रथ, हत्ती, गेंडा आणि रेडा हे अप्रतिम शिल्पचतुष्टय सापडले. ते वितळले गेले नाही, म्हणूनच आज अभ्यासकांना त्याविषयी बोलता येते. न कळविलेली आणि वितळून गेलेली शिल्पे किती असतील, याचा हिशेब कोणाजवळही नाही.

पाहावे कसे?

संग्रहालये लोक पाहत नाहीत, यात सगळा दोष लोकांचा नाही. अनेक ठिकाणी काचेच्या कपाटात वस्तू असते आणि तिच्याखाली ‘मृण्मूर्ती, सातवाहन काळ’ एवढीच चिठ्ठी. ज्याला सातवाहन कोण हे ठाऊक नाही, त्याला या दोन शब्दांतून काय मिळणार? वस्तू कोठे सापडली, कशी बनविली, कशासाठी वापरीत, हे चार ओळींत सुबोध मराठीत लिहिणे अवघड नाही. त्यासाठी मोठ्या निधीपेक्षा आस्थेची गरज अधिक आहे. जाणकार मार्गदर्शक, शाळांसाठी ठरलेले दिवस, माफक किमतीची सचित्र पुस्तिका या मागण्या जागरूक नागरिकांनी शासनाकडे लावून धरल्या पाहिजेत. जेथे लोक येतात, तेथेच शासनाचे लक्ष जाते, हा व्यवहार आहे.

पण तोवर घरानेही काही करावयास हवे. दुर्गभ्रमणाला तरुणांच्या टोळ्या उत्साहाने निघतात. त्यातील एक रविवार संग्रहालयाला देता येईल. जाण्यापूर्वी पालकांनी तासभर वाचावे. मुलांना सर्व दालने पळत पळत दाखवू नयेत. प्रत्येकाला एकच वस्तू निवडू द्यावी, तिच्यापुढे स्वस्थ उभे राहून ती कशाची आहे, कोणी आणि कशी बनविली असेल, कोणी वापरली असेल, हे त्याचे त्याला शोधू द्यावे. घरी आल्यावर तिचे चित्र काढून चार ओळी लिहू द्याव्यात. एवढ्याने शंभर भाषणांचे काम होते.

तेरला जाणाऱ्यांनी संग्रहालयातून थेट त्रिविक्रमाच्या मंदिरात जावे. विटांची ती वास्तू, मागची अर्धवर्तुळाकार भिंत, हत्तीच्या पाठीसारखे छप्पर. या धाटणीची स्वतंत्र बांधलेली प्राचीन मंदिरे देशात मोजकीच शिल्लक आहेत. मुळात हे बौद्ध चैत्यगृह असावे आणि पुढे तेथे विष्णूची त्रिविक्रम रूपातील उपासना सुरू झाली असावी, असे कझिन्स यांच्यापासून अनेक अभ्यासक मानतात. तेरच्या उत्खननात विटांच्या स्तूपाचे अवशेषही मिळाले आहेत. म्हणजे स्तूपाला वंदन करणारा व्यापारी, त्रिविक्रमाचा उपासक आणि विठ्ठलाचे नाम घेणारा कुंभार, हे सारे याच पांढरीवर नांदले. उपासनेची नावे बदलली, पण वास्तूची पूजनीयता टिकली, आणि म्हणूनच ती वास्तूही टिकली. या देशाच्या सातत्याविषयी व्यासपीठावरून पुष्कळ बोलले जाते. ते सातत्य विटेला हात लावून पाहावयाचे असेल तर तेरसारखी जागा नाही.

आणि तेर दूर पडत असेल तर कोल्हापूरला जावे. पंचगंगेकाठच्या ब्रह्मपुरी टेकडीवर मिळालेला ग्रीक समुद्रदेव पोसायडन याचा चिमुकला कांस्यपुतळा तेथील टाउन हॉल संग्रहालयाने जपला आहे. प्रत्येक जिल्ह्याच्या वाटेवर असे काही ना काही आहे.

गोरोबाकाकांनी मडके पारखताना ते कोणाचे आहे, हे पाहिले नाही. आवाज ऐकला आणि खरे ते सांगितले. पूर्वजांविषयीच्या अभिमानालाही तशी एक टिचकी अधूनमधून मारून पाहावी. ती मारण्याची जागा गावोगावच्या संग्रहालयांत वर्षानुवर्षे उघडी आहे. पुढच्या चैत्री यात्रेला समाधीचे दर्शन झाल्यावर परतीची गाडी धरण्याआधी एक तास राखून ठेवावा, लेकरांचा हात धरावा आणि त्या काचेच्या कपाटांपुढे थोडा वेळ उभे राहावे.